मावशींची खळ

मावशी टॅक्सीतून उतरल्या, सवयीने मान वर केली, आणि त्यांना पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे त्यांच्या खिडकीत वाळत घातलेला पुरुषाचा बनियन.

तो धड पिळलेलाही नव्हता. टपटप पाणी गळत होतं आणि खालच्या भिंतीवर काळा ओघळ उतरला होता. मावशींचं आयुष्य धुण्यात गेलेलं. त्यामुळे आधी त्यांना त्या बनियनची कीव आली आणि मग तो कुठे लटकला आहे ते डोक्यात शिरलं.

"माझ्या खिडकीत?" त्या टॅक्सीवाल्याला म्हणाल्या. त्या बिचाऱ्याला काय कळणार. त्याने बॅग काढून दिली आणि गाडी वळवली.

तिथल्या रुग्णालयाच्या लाँड्रीत मावशी बिनपगारी काम करत. नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, वसतिगृहाच्या कपडेखात्यातली नोकरी संपली. मग कुणाच्या तरी ओळखीने त्या या परक्या देशात सेवेसाठी आल्या आणि रमल्या. सेवेला आलेल्या माणसांसाठी रुग्णालयामागे एक दुमजली घर होतं. दोन वेळचं जेवण आणि एकेक खोली, एवढाच मोबदला. मावशींची खोली वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली, पूर्वेच्या खिडकीची. ती त्यांना आल्या आल्या मिळाली नव्हती. माणसं परत जात, एकेक खोली रिकामी होई, आणि मावशी एकेक खोली पुढे सरकत तिथवर पोचल्या होत्या.

त्या घराची एक रीत होती. जेवणघरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, खिळ्यांची एक ओळ होती. प्रत्येक खोलीचा एक खिळा. सुट्टीवर जाणारा आपली किल्ली आपल्या खिळ्याला अडकवून जाई. कायमचा जाणारा किल्ली घर सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंच्या हातात देई. किल्ली खिळ्यावर असली की माणूस परत येणार, मग त्याच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही. किल्ली हातात आली की खोली पुढच्याची.

मावशींनी किल्ली हातात दिली होती.

मेट्रनबाईंनी तेव्हा विचारलंही होतं, "हातात का, मावशी? खिळा आहे की."

"असू दे तुमच्याकडेच," मावशी म्हणाल्या होत्या, आणि बॅगेची चेन उगाचच पुन्हा लावली होती.

त्याचं कारण एवढंच, की मुलगा फोनवर म्हणाला होता, "ये तर खरी, आई. पुढचं पुढे बघू." या 'पुढचं पुढे बघू'वर मावशींनी मनातल्या मनात एक अख्खं घर बांधलं होतं. मुलगा आता राहा म्हणणार. मग आपण दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता तर मेल्या तरी सांगणार नव्हत्या.

"अगंबाई, मावशी!" मेट्रनबाई दारातच थबकल्या. "तुम्ही परत? आणि अशा अवचित?"

"का? नको होते यायला?"

"नको कशाला? पण तुमची खोली मी दातांच्या डॉक्टरांना दिली. तुम्ही किल्ली माझ्या हातात..."

"माहीत आहे कुठे दिली ते," मावशी म्हणाल्या. "दुसरी कुठली आहे?"

दुसरी होती ती खाली, पाण्याच्या पंपाला लागून. पंप सुरू झाला की तिथला पलंग थरथरे आणि तांब्यातलं पाणी गोल गोल फिरे. मावशींनी बॅग टेकवली, पलंगावर बसल्या आणि पंपाबरोबर थरथरत दातओठ खाऊ लागल्या.

राग खरं तर दातांच्या डॉक्टरांचा नव्हता. राग सोबत बॅगेतूनच आला होता.

मुलाच्या घरी पोचल्या दिवशी सूनबाईने पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाली, "आई, तुमच्या आतल्या खोलीत मी ऑफिस केलंय. तुमची सोय इथे हॉलमध्ये केली तर चालेल ना? चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चालेल की," मावशी म्हणाल्या. न चालून करतात काय?

सोफा उघडला की त्याचा पलंग व्हायचा, पण मधोमध लोखंडी दांडी होती आणि ती बरोबर कमरेत यायची. टीव्ही बंद झाल्याशिवाय आडवं व्हायची सोय नाही आणि घर उठायच्या आत अंथरूण गुंडाळून सोफा पुन्हा सोफा करून ठेवायचा. बॅग चपलांच्या कपाटामागे. आतल्या खोलीत एक टेबल, एक गोल फिरणारी खुर्ची आणि कुंडीत एक प्लास्टिकचं झाड. ते झाड मात्र ऐसपैस उभं होतं.

एके दिवशी शेजारीण आली. मावशी स्वयंपाकघरात होत्या. हॉलमधून सूनबाईचा आवाज आला, "सासूबाई ना? त्या परदेशात असतात. फुकटात लोकांची धुणी धुतात." शेजारीण हसली. आणि त्यांचा मुलगा, ज्याचे लंगोट धुण्यापासून त्यांचा धुण्याचा संसार सुरू झाला, तोही हसला.

नात तेवढी बरी निघाली. सकाळी डोळे चोळत यायची आणि त्या दांडीवर, आजीच्या पोटाशी, जागा करून घ्यायची. "आजी, तुझा बेड टोचतो," म्हणायची, पण तिथेच झोपायची.

राहा असं कुणी म्हणालं नाही. मग मावशींनी आपणच तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं, "मला गेलं पाहिजे. तिथे माझी स्वतःची खोली आहे. पूर्वेची खिडकी आहे."

आणि त्या पूर्वेच्या खिडकीत आता बनियन होता.

रात्रीच्या जेवणाला दातांचे डॉक्टर समोरच बसले. मावशींच्याच वयाचे, ताठ मानेचे, भांग असा पाडलेला की जणू पट्टी धरून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आल्याला महिनाही झाला नसेल, पण वागणं जावयाचं.

"तुम्हीच का त्या मावशी? फार ऐकलंय तुमच्याबद्दल," ते म्हणाले. "खोली मात्र झकास ठेवलीत हो. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं. मला तर गजरही लागत नाही."

"हो का?" मावशी म्हणाल्या.

"कपाटात कागदही तुम्हीच घातलेत ना? फुलाफुलांचा?"

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. तो कागद त्यांनी स्वतः कापून, मापात बसवून घातला होता. पोरांचे दात उपटणाऱ्या या माणसाचे मोजे आता त्या फुलांवर पडत असणार. त्यांनी तोंडातला घास नीट चावला, गिळला आणि मनाशी खूणगाठ बांधली: मुलाला आणि सुनेला आपण काही करू शकलो नाही. याला करू शकतो. याचे कपडे लाँड्रीतच येणार.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर रुजू झाल्या. लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला उकळत्या पाण्याचा हौद, दुसऱ्या टोकाला इस्त्रीचं टेबल, आणि मध्ये वाफ. इस्त्रीचं टेबल इस्त्रीवाल्याचं. तो रुग्णालयाचा पगारी माणूस, मावशींहून जुना आणि जिभेने धारदार.

"आलात?" तो म्हणाला. "मला वाटलं, लेकाने ठेवून घेतलं."

"मला ठेवून घ्यायला मी काय पाळलेलं मांजर आहे?"

"मांजराला घरात जागा तरी असते."

मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मान इस्त्रीत घातली.

खळीचं पातेलं मावशींच्या ताब्यात असे. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचा आणि कड येईपर्यंत ढवळत राहायचं. शस्त्रक्रियेच्या खोलीतले डगले आणि परिचारिकांच्या टोप्या, एवढ्यालाच इथे खळ. बाकीच्या कपड्यांना नाही. मावशींनी त्या दिवशी टोप्यांपुरती खळ काढून घेतली आणि पातेल्यात उरलेली आणखी आटवली. मग दातांच्या डॉक्टरांच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं आणि एकेक करून त्यात बुडवलं. सदरे बुडवले. पायजमे बुडवले. रुमाल बुडवले. आणि शेवटी, चिमट्यात धरून, बनियन आणि चड्ड्या.

संध्याकाळी इस्त्रीवाल्याने एक बनियन टेबलावर उभा केला. तो उभा राहिला.

"मावशी, याच्यात माणूस घालायचाय की खिडकीला झडप म्हणून लावायचाय?"

"तू इस्त्री कर."

"चड्डीलासुद्धा?"

"चड्डीला दोनदा कर."

तो काही वेळ इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, "बसताना आवाज येईल हो याचा."

"येऊ दे की," मावशी म्हणाल्या. किती दिवसांनी त्यांच्या तोंडाला चव आली होती.

दोन दिवस त्या जेवणघरात डॉक्टरांची वाट बघत अशा जागी बसल्या जिथून दार सरळ दिसे. मान घासून लाल झालेली असेल, चालताना पाय फेंगडे पडत असतील, सगळ्यांसमोर खाजवताही येणार नाही. आणि आपण विचारू, अगदी मायेने, काय झालं हो डॉक्टर?

डॉक्टर आले ते एखाद्या नवरदेवासारखे. सदऱ्याची कॉलर कडक, बाह्यांची घडी सुरीसारखी, पायजमा पायाच्या पुढे चाललेला. मेट्रनबाईंच्या हातातली पळी हातातच राहिली.

"डॉक्टर, आज काय विशेष?"

"विशेष काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि सरळ मावशींपाशी येऊन उभे राहिले. "मावशी, तुमचे आभार मानायचे राहिले. इतकी वर्षं झाली, असे कपडे अंगाला लागले नव्हते. आमच्या घरी असायची ही पद्धत. बनियनलासुद्धा. माणूस कसा ताठ राहतो. इथे आल्यापासून मी गबाळ्यासारखा हिंडत होतो."

आणि ते बसले. चड्डीचा करकर आवाज आला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

मावशींचं तोंड कुणीतरी मारल्यासारखं झालं. सूड घ्यायला गेल्या आणि आपल्याच हाताने पाहुणचार करून बसल्या. त्या रात्री पंपाशेजारी पडल्या पडल्या त्यांना वाटलं, आपल्याला नीट वाईटही वागता येत नाही. पण सकाळी पंप सुरू झाला, पलंग हलला, आणि हलता हलता त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ज्याला एखाद्या गोष्टीची चटक लागते, त्याची मान आपल्या हातात येते.

पुढच्या गाठोड्याला त्यांनी खळीचा थेंब लावला नाही. इस्त्रीवाल्याला सांगितलं, "यांचे कपडे नुसते घडी घालून ठेव."

"भांडण मिटलं का?"

"आता कुठे लागलंय."

डॉक्टर लाँड्रीच्या दारात आले तेव्हा त्यांची कॉलर कोमेजलेल्या पानासारखी पडली होती.

"मावशी, या खेपेला खळ राहिली वाटतं."

"राहिली नाही. बंद केली."

"का हो? परवा देणगीदार मंडळी येणार आहेत. दातांच्या विभागाबद्दल मला बोलायचंय त्यांच्यापुढे. मेट्रनबाईही असणार."

मेट्रनबाईंचं नाव घेताना त्यांचा हात भांगाकडे गेला. मावशींनी ते टिपलं.

"खळ शस्त्रक्रियेच्या कपड्यांना असते," त्या म्हणाल्या. "तसा नियम आहे."

"मग आधी कशी घातलीत?"

"माझी मर्जी होती."

"आता मर्जी नाही?"

"आता मी पंपाशेजारी राहते, डॉक्टर. रात्रभर पलंग हलतो. झोप नाही झाली की माझा हात खळीत बसत नाही, गुठळ्या होतात. पूर्वेच्या खिडकीत होते तेव्हा कशी छान बसायची."

डॉक्टर म्हणजे दात उपटणारा माणूस. दुखतंय कुठे हे त्याला कळायला वेळ लागत नाही.

"मावशी, ही सरळ सरळ अडवणूक आहे."

"नाही हो. ही लाँड्री आहे."

इस्त्रीवाला खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला.

"पण किल्ली तुम्ही स्वतः हातात दिली होती म्हणे," डॉक्टर म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच तो जास्त लागला. "म्हणजे परत यायचं नव्हतं. मग का आलात?"

मावशींनी पातेल्यातला डाव उचलला, काठावर आपटला, पुन्हा पातेल्यात ठेवला.

"वाळत घातलेलं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "किती सदरे आहेत तुमचे?"

डॉक्टर त्याच दुपारी खाली आले. पंपाचं त्यांना काही वाटलं नाही. कानाने ते थोडे कमीच होते. देणगीदारांसमोर ते इतके ताठ उभे राहिले की त्यांचं बोलणं कमी आणि कॉलर जास्त लक्षात राहिली. आणि मावशी आपल्या खोलीत गेल्या. कपाटातला फुलांचा कागद काढून नवा घातला, खिडकीखालचा ओघळ पुसला. दुसऱ्या दिवशी ऊन उशीवर आलं तेव्हा जाग्या असूनही त्या उठल्या नाहीत. इतकी गोड सकाळ त्यांना कित्येक वर्षांत लाभली नव्हती. पण त्या गोडीत थोडं काहीतरी कमी होतं. पोट भरलं होतं ते दुसऱ्याच्या ताटातलं जेवून. हिशेब ज्यांच्याशी होता ते तिकडे, त्या गोल खुर्चीवर, मजेत फिरत होते.

आणि मग, जणू मावशींनी मागूनच घेतलं असावं, मुलाचा फोन आला.

"आई, हिची सुट्टी आहे, पिल्लूची शाळाही बंद. तुझ्याकडे यावं म्हणतोय. हॉटेलात कशाला राहायचं? तू सांगतेस ना तुझी मोठी खोली आहे, पूर्वेची खिडकी आहे. आम्ही तिघं त्यात मावू."

"आणि मी?"

"तुझं काय, आई. तू कुठेही झोपतेस."

मावशी खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर चादरी वाळत होत्या आणि वाऱ्याने फुगत होत्या. त्या एकेक चादर मोजत राहिल्या.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मावशी म्हणाल्या. "या की. करते सोय."

तयारीला त्या अशा लागल्या की मेट्रनबाईंना वाटलं, केवढी ही माया. त्यांनी अडगळीतल्या घडीच्या खाटा एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीवर आडव्या पडून बघितल्या. ज्यांच्या दांड्या कमरेत आल्या त्या दोन निवडल्या. जेवणघरात, मोठ्या फ्रीजला लागून, त्या मांडून घेतल्या. तो फ्रीज थांबताना असा हुंदका देई की नवा माणूस दचकून उठे.

"अहो, खाली एक खोली देता येईल," मेट्रनबाई म्हणाल्या. "डॉक्टर आनंदाने सरकतील."

"कशाला कुणाला त्रास," मावशी म्हणाल्या.

मग खळ. मावशींनी आयुष्यात तशी खळ केली नव्हती आणि पुन्हा केली नाही. डाव उभा केला तर उभा राहील अशी. चादरी, उशांचे अभ्रे, पांघरुणं, सगळं त्यात घालून काढलं. इस्त्रीवाल्याने चादरीवर बोट वाजवून बघितलं.

"दाराला चालेल ही," तो म्हणाला. "कोण येतंय? शत्रू?"

"मुलगा आणि सून."

त्याने इस्त्री तेवढी चांगली तापवली.

एक चादर मावशींनी बाजूला ठेवली होती. लहान, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. तिला त्यांनी खळ लावली नाही आणि इस्त्रीही हातानेच, हलकी फिरवली.

मंडळी आली. सूनबाईने जिना बघितला, खिडकी बघितली, "वा, खरंच ऊन येतं," म्हणाली आणि बॅग वरच ठेवायला लागली. मावशींनी ती बॅग तिच्या हातून हलकेच काढून घेतली.

"तुमची सोय खाली हॉलमध्ये केलीय. पिल्लू माझ्याकडे वर झोपेल."

"हॉलमध्ये?" सूनबाई म्हणाली.

"चालेल ना? चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

सूनबाईचं तोंड उघडं राहिलं आणि मग मिटलं. मुलाने आईकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. मावशींनी ते सगळं डोळे भरून बघून घेतलं. या एका क्षणासाठी त्या कित्येक रात्री दांडीच्या सोफ्यावर पडल्या होत्या, आणि तो क्षण तेवढ्या मोलाचा होता.

"नाश्त्याला माणसं लवकर येतात हं," जाता जाता त्या म्हणाल्या. "त्यांच्या आत अंथरुणं गुंडाळून ठेवा. बॅगा फ्रीजमागे बसतील."

सकाळी नातीच्या लाथेने त्या जाग्या झाल्या. मऊ चादर पायाशी गोळा झाली होती आणि ऊन पोरीच्या गालावर आलं होतं. "आजी, तुझा हा बेड टोचत नाही," ती झोपेतच म्हणाली.

खाली लाँड्रीत गेल्या तर मुलगा आधीच येऊन बसला होता. डोळे लाल, एक हात कमरेवर. गालावर उशीच्या अभ्र्याची घडी अशी उमटली होती की कुणी पट्टीने रेघ ओढली असावी.

"आई," तो म्हणाला, "त्या चादरी."

"परीटघडीच्या आहेत. पाहुण्यांसाठी खास."

"कूस बदलली की आवाज येतो."

"मग बदलू नये कूस."

त्याने गाल चोळला. इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवून कान दिला होता. मुलगा उठला आणि त्याने हौदातून निघणाऱ्या ओल्या चादरीचं एक टोक आपणहून धरलं. मोठी चादर एकट्याने पिळता येत नाही. लहानपणी हे काम त्याचंच होतं. दोघांनी दोन्हीकडून पीळ घातला. पाणी खाली पडलं.

"तिथे सोफ्याला अशीच दांडी आहे, नाही का?" तो म्हणाला.

"आहे."

"तू बोलली नाहीस कधी."

"विचारलं कुणी?"

त्याने माफीही मागितली नाही. मागितली असती तर मावशींनी ती खळीच्या पातेल्यात बुडवून वाळत घातली असती. पण चादर संपली तशी त्याने दुसरी उचलली, आणि नाश्त्याची वेळ निघून गेली तरी तो तिथेच पिळत उभा होता. फुकटात. लोकांची धुणी.

त्या दुपारी मावशींनी दुसऱ्या रात्रीसाठी खालच्या चादरी पुन्हा खळीत घातल्या. मात्र या खेपेला पातेल्यात थोडं पाणी जास्त टाकलं. फार नाही. थोडंच.